प्रतिसाद: पोलीसच घाबरतात?

करणीच्या तक्रारी पोलीस घेत नाहीत, कारण त्यांनाच भीती वाटते, असं काही जण म्हणतात. थोडं वेगळं सांगतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर भागात तीन वर्षांपूर्वी एका घराच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू, बिब्बा नि हळदकुंकू लावलेली काळी बाहुली सापडली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या विधवा आजींचं नाव गावभर झालं. दोन पोरं तिच्या दारात शिव्या देऊन आली. आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो, तर हवालदार म्हणाले, "घरातल्या घरात मिटवा की ओ."

भीती नव्हती हो. जादूटोणाविरोधी कायदाच ठाऊक नव्हता. महाराष्ट्राचा कायदा 2013 चा, दाभोलकरांच्या खुनानंतरचा; तो सगळ्यांना माहीत. पण कर्नाटकाचाही 2017 चा स्वतंत्र कायदा आहे, 2020 पासून लागू. शिक्षा एक ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, भूत उतरवायच्या नावाने मारहाण, हे त्यात सरळ गुन्हे आहेत. वारी, हरिकथा, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही, हे आमच्या माळकरी मंडळींना मुद्दाम सांगावं लागतं.

बेळगावात काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी 6 डिसेंबरला, आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, सदाशिवनगरच्या स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, तिथे जेवणंही होतात. ते चांगलंच आहे. पण त्या आजी अजून विहिरीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावरच जातात. तक्रार लिहून द्या, पोच घ्या, कानडी येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या.