हिमनदी आटल्यावर प्रवाहातील जीवन समृद्ध होते, असे म्हणावे का?

धागाकर्ता: हिमनदीच्या तोंडातून निघणारे पाणी ऐन उन्हाळ्यातही गोठणबिंदूच्या जरासेच वर असते आणि दगड भरडून झालेल्या पिठामुळे दुधासारखे पांढुरके दिसते. तिथे डायमेसा या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांखेरीज फारसे काही तगत नाही. हिमनदी मागे सरकली की पाणी निवळते, ऊन तळाशी पोचते, दगडांवर शेवाळ धरते आणि त्यामागोमाग खालचे कीटक वर येतात. एकेका ओढ्यातील जाती अशा वाढतात, म्हणून काही जण याला लाभ मानतात. ते मला पटत नाही, कारण येणाऱ्या जाती खाली सगळीकडे आहेतच, तर बर्फगार पाण्यातच तगणाऱ्या ज्या जाती जातात, त्यांना आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही. एक्वाडोर, आल्प्स आणि अलास्का येथील नोंदींवरून २०१२ मध्ये असा अंदाज मांडला गेला की, हिमनद्या पूर्ण गेल्यास त्या त्या प्रदेशातील ११ ते ३८ टक्के जाती नाहीशा होतील.

प्रतिसाद १: आपण फक्त एकच बाजू मांडली आहे. अलास्काच्या ग्लेशियर बे येथे गेल्या अडीचशे वर्षांत बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटला आणि जिथे बर्फ होता तिथल्या ओढ्यांत आज गुलाबी सॅल्मन मासे अंडी घालतात. पश्चिम उत्तर अमेरिकेत २१०० पर्यंत सॅल्मनला ६,००० किलोमीटरहून अधिक नवे प्रवाह खुले होतील, असे २०२१ च्या अभ्यासात म्हटले आहे. ही हानी कशी?

धागाकर्ता: त्याच अभ्यासानुसार त्यापैकी अंडी घालण्यास व पिले वाढण्यास योग्य लांबी २,००० किलोमीटरही भरत नाही. शिवाय वितळणे एकदा कमाल गाठून ओसरू लागले की उन्हाळ्याच्या शेवटी प्रवाह रोडावतो आणि तापतो, आणि सॅल्मनला तर थंड पाणीच लागते.

प्रतिसाद २: तरीही सगळे संपले असे मानू नये. दगडांच्या थराखाली दडलेल्या बर्फातून झिरपणारे पाणी उघडी हिमनदी गेल्यावरही दीर्घकाळ थंड राहते. माँटानातील लेडनिया ट्युमाना ही स्टोनफ्लाय (थंड ओढ्यांत वाढणारा एक कीटक), जिला अमेरिकेने २०१९ मध्ये कायद्याचे संरक्षण दिले, अशा झिऱ्यांतही आढळते.

धागाकर्ता: हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्या झिऱ्यांची मोजदाद व राखण आधी व्हावी. मात्र ते विखुरलेले आणि लहान आहेत. पंखांनी दुबळ्या कीटकाला एका झिऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचणे सोपे नाही.