जॉर्जेट हेयरनी मुलाखती का दिल्या नसतील?

पुस्तककिडा:
इंग्लिश लेखिका हेयरबाईंच्या तीनचार रीजन्सी (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडातल्या) कादंबऱ्या लागोपाठ संपवल्या आणि म्हटलं आता बाईंबद्दल वाचू, तर मुलाखत म्हणून कुठे सापडेना. एवढा खप आणि साधी एक मुलाखत नाही? लाजाळू होत्या की भाव खायच्या?

निवांत_वाचक:
भाव नाही ओ. १९२६ मध्ये त्यांचं 'दीज ओल्ड शेड्स' आलं ते नेमकं ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपात. ना परीक्षणं, ना जाहिरात, तरी १,९०,००० प्रती गेल्या! झालं, बाईंनी ठरवूनच टाकलं की आपल्या पुस्तकांना असल्या गाजावाजाची गरज नाही. लग्नानंतरचं नाव मिसेस रूजियर होतं, तेही बऱ्याच वाचकांना १९७४ मध्ये त्या गेल्यावर मृत्युलेखातून कळलं.

चष्मेवाली:
सुरुवात पण भारीये. धाकटा भाऊ बोरिस आजारी म्हणून १७ वर्षांच्या पोरीने त्याला रमवायला गोष्ट रचली, वडिलांना आवडली, ते म्हणाले छापायला दे, आणि १९२१ ला पुस्तक बाजारात, वय १९. नवरा खाणीतला इंजिनिअर, त्याच्यासोबत टांगानिकात (आजच्या टांझानियात) गवताच्या झोपडीत राहिल्या आणि तिथेही लिहीत होत्या. पुढे नवऱ्याला वकील व्हायचं होतं तेव्हा घर बऱ्यापैकी ह्यांच्या लेखणीवर चाललं (हे कोणी रोमँटिक म्हणत नाही, पण मला तेच जास्त रोमँटिक वाटतं).

आडवाविचार:
मला कपड्यांची वर्णनं वाचून झोप येते, सॉरी. आणि 'द ग्रँड सोफी'मधला तो ज्यू सावकार? १९५० चं पुस्तक, महायुद्ध संपून पाच वर्षं झालेली, आणि तरी ज्यूंची अशी कुचेष्टा करणारं पात्र. ते कसं पचवता तुम्ही लोक?

निवांत_वाचक:
सावकाराचं नाही पचत, पटलं. कपड्यांचं म्हणाल तर त्या मागे अभ्यास होता. हजाराच्या वर संदर्भपुस्तकं जमवलेली, भाषा नीट उतरावी म्हणून नेपोलियनला वॉटर्लूत हरवणाऱ्या वेलिंग्टनचं एक खरं पत्र विकत घेतलेलं. वॉटर्लूवरची १९३७ ची कादंबरी वाचा, त्यातली लढाई बघा, मग बोलू.

पुस्तककिडा:
वॉटर्लूवालं लिस्टवर टाकलं. पण एवढी मेहनत करणाऱ्या बाईंनी दरवर्षी तसलीच हलकीफुलकी लग्नाची गोष्ट का लिहिली मग?

चष्मेवाली:
टॅक्स! इन्कमटॅक्सवाले सारखे मागे, आणि लोकांना रीजन्सीच हवी. मनात होती मध्ययुगातल्या लँकेस्टर घराण्यावरची तीन भागांची मोठी कादंबरी. ती काढायची, की टॅक्सचं बिल, की परत नवी रीजन्सी. पहिला भागही पुरा झाला नाही, होता तेवढा त्या गेल्यावर १९७५ ला छापला.

पुस्तककिडा:
अरेरे. आधी तोच वाचतो मग.