मेथिओनिन कमी, ट्रिप्टोफॅन शून्य: मशीनला दोष देऊ नका
महापेच्या लॅबमधल्या सोया-फिशमील (माशांची पूड) खाद्याच्या रिपोर्टमध्ये मेथिओनिन कमी आणि ट्रिप्टोफॅन शून्य आलंय. ही दोन्ही अमिनो ॲसिडं. पण त्यात गडबड मशीनची नाही, हायड्रोलिसिसची, म्हणजे प्रथिनं तोडून अमिनो ॲसिडं मोकळी करण्याच्या टप्प्याची दिसते. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ११० अंशांवर २४ तास ठेवलं की ट्रिप्टोफॅन उरतच नाही. त्यासाठी नमुन्याच्या वेगळ्या भागाचं हायड्रोलिसिस कॉस्टिक सोड्यात करा, तोही टेफ्लॉनच्या भांड्यात. अल्कली काच खाते. मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो ॲसिडांसाठी हायड्रोलिसिसच्या आधी परफॉर्मिक ॲसिडने ० अंशावर १६ तास ऑक्सिडेशन. या ऑक्सिडेशन केलेल्या भागातून टायरोसिन (आणखी एक अमिनो ॲसिड) मोजू नका, ते नष्ट होतं. ते साध्या ॲसिडच्या भागातून घ्या. तिथे थोडं फिनॉल घाला आणि नळी बंद करण्याआधी नायट्रोजन सोडा. फिशमीलची चरबी आधी पेट्रोलियम इथरने काढलीत ना? आणि पावसाळ्यात आपल्याकडे पूड लगेच दमट होते, तेव्हा ओलावा त्याच दिवशी मोजा.