लेआउट ग्रुप: तलंगा खुराड्याच्या बाहेर येऊन नाही राहिल्या

प्लॉट 9 वहिनी: नमस्कार. कोणाला कोंबड्यांचा अनुभव आहे का? मागच्या आवारात खुराडं केलं, ग्रामप्रिया जातीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. दीड महिन्याच्या आहेत, पंख पूर्ण आलेत. खातात-पितात छान, पण दार उघडलं की सगळ्या मागच्या कोपऱ्यात एकीवर एक. बाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत.

प्लॉट 17 दादा: वहिनी, या उन्हात मी पण घराबाहेर नाही पडून राहिलो.

सेक्रेटरी काका: कृपया टँकरबद्दलचा वरचा मेसेज आधी वाचावा.

प्लॉट 22 भाऊ: सोपं आहे. एकेक उचलून बाहेर ठेवा आणि खुराड्याचं दार लावून घ्या. शिकतात आपोआप.

प्लॉट 4 आजोबा: असं नोको करू सूनबाई. दार लावलं तं त्यायले वाटन का घरच गेलं. मंग संध्याकाळी तू खुराड्यापाशी वाट पाहत बसशीन अन् त्या शेजाऱ्याच्या जांबाच्या झाडावर. आमच्या काटोलकडच्या घरी नवीन कोंबडी आणली का हप्ताभर खुराड्यातच कोंडून ठेवत. आपलं घर कोणतं हे पहिले समजलं पाहिजे. बाहेर काढाची घाई कायले?

प्लॉट 9 वहिनी: आठवडा होऊन गेला आजोबा.

प्लॉट 4 आजोबा: मंग दार उघडं टाक अन् तू तिथून निघून जाय. हे हॅचरीचे पिल्लं आहेत. गावात खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन फिरते, उकरून दाखवते, वर घार दिसली का आवाज देते, पिल्लं पंखाखाली. यायले माय नाही तं दाखवन कोण?

प्लॉट 22 भाऊ: मग एक मोठी गावरान कोंबडी आणून सोडा त्यांच्यात.

प्लॉट 31 ताई (व्हेटर्नरी): वहिनी, ते सध्या करू नका. मोठी कोंबडी लहानांना टोचते, वरून बाजारातून एखादा आजार घेऊन येईल तो वेगळाच. मला एक सांगा, कोपऱ्यात बसलेल्या असतात तेव्हा पंख फुगवून, डोळे मिटून असतात का? विष्ठेत रक्त दिसतं का?

प्लॉट 9 वहिनी: नाही ग. मी दूर झाले की आत मस्त भांडत असतात दाण्यासाठी.

प्लॉट 31 ताई (व्हेटर्नरी): मग भीतीच आहे. रक्ती हगवण असती तर खाणं सुटलं असतं, पंख लोंबले असते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर टू बी लस मात्र साधारण आठव्या आठवड्यात देतात, ती विसरू नका.

प्लॉट 26 काकू: बर्ड फ्लू तर नसेल ना? नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले वाघ गेले होते त्याने.

प्लॉट 31 ताई (व्हेटर्नरी): हो, 2024 च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या. पण काकू, तो आजार कोंबड्यांत शिरला तर त्या पटापट मरतात, दाण्यासाठी भांडत नाहीत. आवारात मेलेला कावळा वगैरे दिसला तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

प्लॉट 17 दादा: वहिनी, मी काल गच्चीवरून पाहिलं. तुमचं आवार एकदम चकाचक आहे, फरशी आणि मोकळी माती. एक झुडूप नाही. वर दोन घारी फिरत होत्या. मी कोंबडी असतो तर मीही आतच बसलो असतो.

प्लॉट 4 आजोबा: हे पोट्टं बरोबर बोललं! कोंबडीले मोकळं मैदान नाही आवडत, लपाले आडोसा लागते. दारापासून दोन हातावर जुनी खाट टाक, बाजूले पऱ्हाट्या नाही तं तुराट्या उभ्या कर. खाटेखाली पहिली गेली का बाकीच्या मागं जातेत. अन् दारातून खाली उतराले काय लावलं आहे?

प्लॉट 9 वहिनी: टिनाचा पत्रा लावलाय.

प्लॉट 4 आजोबा: घसरते न त्याच्यावरून! वरून तापते. फळी लाव, तिले आडव्या पट्ट्या ठोक. आजच कर.

प्लॉट 22 भाऊ: माझ्याकडे लेअर खाद्याचं अर्धं पोतं आहे. अंगणात टाकलं तर येतील की.

प्लॉट 31 ताई (व्हेटर्नरी): ते अंड्यावरच्या कोंबडीचं. त्यात कॅल्शियम जास्त असतं, कोवळ्या तलंगांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. वाढत्या वयाचं ग्रोअर खाद्यच द्या. आमिष म्हणून तांदळाची कणी किंवा मेथीचा पाला चालेल, पण मूठभरच. दुपारनंतर आतलं खाद्याचं भांडं काढून घ्या, पाणी राहू द्या. सूर्य मावळायच्या तासभर आधी दार उघडा आणि कणी उंबऱ्यावर टाका. थोडी भूक असते, ऊन उतरलेलं असतं, आणि अंधारात त्यांना नीट दिसत नाही म्हणून परत आत शिरतात. पकडापकडी करावी लागत नाही. कणी रोज थोडी पुढे सरकवायची.

प्लॉट 26 काकू: आणि नाहीच आल्या तर?

प्लॉट 31 ताई (व्हेटर्नरी): तर भांडं परत आत ठेवायचं, उद्या पुन्हा. उपाशी कोंडायचं नाही. खुराड्याचं छत पण टिनाचं असेल तर वर ओलं पोतं टाका वहिनी. चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसल्या तर आधी सावली आणि थंड पाणी.

सेक्रेटरी काका: कोंबड्या रस्त्यावर येता कामा नयेत. आवाजाचं काय?

प्लॉट 9 वहिनी: काका, सगळ्या माद्या आहेत, आरवणार नाहीत. कुंपणाला जाळी आहे. रात्री कडी पण लावते.

सेक्रेटरी काका: ठीक. अंडी कधीपासून?

प्लॉट 9 वहिनी: पाच महिन्यांच्या पुढे. तेव्हा बघू. आज साडेपाचला दार उघडते. प्लॉट 22 भाऊ, तेवढा वेळ तुमचा बोका घरात ठेवा.

प्लॉट 22 भाऊ: बोका आमचा नाही वहिनी. फक्त जेवायला येतो.