ईआरपी येऊन सव्वा वर्ष झालं, पण फायदा काय झाला ते सांगता येत नाहीये

स्टोअरवाला:

नमस्कार मंडळी. मी मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत स्टोअर आणि परचेस बघतो. सव्वा वर्षापूर्वी आमच्याकडे ईआरपी (स्टोअर, परचेस, प्रॉडक्शन, अकाउंट्स सगळं एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) आलं, त्याआधी सगळं एक्सेल, रजिस्टर आणि फोनवर चालायचं. आता गेट एन्ट्रीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं सिस्टीममध्ये आहे, निदान असायला हवं. पण खरं सांगायचं तर प्रॉडक्शनवाले त्यांची एक्सेल ठेवतातच आणि मीही माझी ठेवतो, कारण सिस्टीममधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक जुळत नाही. काम दुप्पट झालंय असं माझी पोरं म्हणतात आणि मला त्यांना खोडून काढता येत नाही.

पुढच्या महिन्यात मॅनेजमेंटची मीटिंग आहे आणि साहेबांनी सरळ विचारलंय की एवढा खर्च केला तर कंपनीला मिळालं काय. मी वाचायला बसलो तर जिथे तिथे तेच, डेटापासून माहिती, माहितीपासून ज्ञान, मग खालच्या लेव्हलला अमुक सिस्टीम आणि वरच्या लेव्हलला तमुक. ते पटतं, पण त्यातून पैसा नेमका कुठे सुटतो हे कुणी सांगत नाही. रिपोर्ट तर पाहिजे तेवढे निघतात हो. रिपोर्ट निघाला म्हणजे फायदा झाला का? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_हिशोबनीस:

तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर आहे. रिपोर्ट निघाला आणि त्यानंतर सगळ्यांनी कालच्यासारखंच काम केलं तर फायदा शून्य, उलट रिपोर्ट काढायचा वेळ गेला. माहितीमुळे कुणाचा तरी निर्णय बदलला किंवा एखादं काम करायची गरजच उरली नाही तर पैसा सुटतो. मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काढलंय म्हणून तिथलंच उदाहरण देतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलं चुकती करणाऱ्या खात्यात ५०० च्या वर माणसं होती. त्यांनी ठरवलं की कॉम्प्युटर वापरून २० टक्के कमी करू, म्हणजे ४०० वर येऊ, आणि त्यात ते खूश होते. मग त्यांनी माझदाकडे बघितलं, तिथे हेच काम ५ माणसं करत होती. माझदा लहान कंपनी हे धरलं तरी फोर्डचं खातं हवं त्याच्या पाचपट मोठं निघालं.

आता हे होत का होतं बघा. परचेसवाले पीओची (खरेदीच्या लेखी ऑर्डरची) एक कॉपी अकाउंट्सला पाठवायचे, माल उतरवून घेणारे पावतीची कॉपी पाठवायचे, व्हेंडरचं बिल वेगळं यायचं, आणि इथला माणूस या तीन कागदांवरच्या १४ गोष्टी जुळवत बसायचा. जुळलं तर प्रश्न नाही, पण सगळा वेळ जायचा तो न जुळणाऱ्यांत. फोन करा, पेमेंट थांबवा, पत्रं लिहा. त्यांनी काय केलं, पीओ एका सामायिक डेटाबेसमध्ये टाकायला लागले. माल दारात आला की उतरवून घेणारा तिथेच स्क्रीनवर बघणार, पीओशी जुळला तर एन्ट्री करून आत घेणार आणि चेक आपोआप तयार होणार, नाही जुळला तर माल परत. बिल मागवणंच बंद केलं! जुळवायच्या गोष्टी उरल्या ३, पार्ट नंबर, एकक आणि सप्लायर कोड. माणसं ७५ टक्क्यांनी कमी लागली.

मला यात आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं की चूक पकडायची जागा बदलली. आधी ती महिन्याने अकाउंट्सच्या टेबलावर सापडायची, आता ट्रक दारात उभा असतानाच सापडते. कॉम्प्युटर नसता तर दारावरच्या माणसाला पीओ दिसलाच नसता, म्हणून सिस्टीम हवीच, पण जुनंच जुळवाजुळवीचं काम कॉम्प्युटरवर टाकलं असतं तर ते ४०० वरच थांबले असते. तेव्हा तुमच्या कंपनीत सिस्टीम आल्यावर कुठलं काम बंद झालं, आधी ते शोधा. एकही सापडलं नाही तर साहेबांना तसंच सांगा.

गोलाईव्ह:

वरचा प्रतिसाद मस्त. मी ईआरपी बसवायचं काम करतो आणि मला तुमच्या पोस्टमधलं खरं दुखणं "स्टॉक जुळत नाही" हे वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं असतं. एमआरपी, म्हणजे कुठला माल किती मागवायचा हे काढणारा सिस्टीमचा भाग, शेवटी काय करतं, किती लागणार त्यातून हातातला स्टॉक आणि येऊ घातलेल्या पीओ वजा करतं आणि उरलेलं मागवायला सांगतं. हातातला आकडा चुकला की खरेदी चुकली, मग जे पडून आहे ते परत येतं आणि जे संपलंय त्यासाठी लाइन थांबते. असं दोनदा झालं की माणूस स्वतःची एक्सेल काढतो, एक्सेल काढली की सिस्टीममधली एन्ट्री उशिरा होते, आणि एन्ट्री उशिरा झाली की स्टॉक अजून चुकतो. हे चक्र मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि प्रत्येक ठिकाणी लोक सॉफ्टवेअरला दोष देत होते.

माझ्या अनुभवात कारणं ठरलेली असतात. माल सकाळी इश्यू होतो पण स्लिप शिफ्ट संपल्यावर एकदम पंच होतात. खरेदी किलोत आणि इश्यू नगात, मधलं कन्व्हर्जन कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. बीओएममध्ये (एका पार्टला काय काय आणि किती लागतं त्या यादीत) स्क्रॅप धरलेलं नसतं. रिजेक्शनचा माल कोपऱ्यात पडलेला पण सिस्टीममध्ये तो चांगला माल. तुम्ही वर्षातून एकदा सगळं मोजत असाल तर ते सोडा, रोज थोडे आयटम मोजा, महागडे आणि जास्त फिरणारे जास्त वेळा, आणि फरक आला की नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका. तो का आला हे त्याच दिवशी शोधा, महिन्याने कुणाला आठवत नाही.

हे किती महागात पडू शकतं त्याचं गाजलेलं उदाहरण १९९९ मधलं हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं. चार वर्षांचा प्रकल्प ३० महिन्यांत बसवला, हॅलोविन आणि ख्रिसमसच्या ऑर्डरींच्या तोंडावर चालू केला, आणि १० कोटी डॉलरच्या आसपास ऑर्डरी वेळेत पुरवता आल्या नाहीत. माल बनलेला होता! पण सिस्टीममधून तो दुकानांपर्यंत जाईना.

रात्रपाळी:

मी शॉप फ्लोअरवर एन्ट्री करणाऱ्यांपैकी आहे म्हणून एकच सांगतो. एन्ट्री आम्ही करायची आणि त्याचा उपयोग वरच्यांना, असं असेल तर एन्ट्री उशिराच होणार. आमच्याकडे इतके दिवस तेच चालू होतं. मग एका सुपरवायझरने आमच्या स्क्रीनवर पुढच्या शिफ्टला कुठला माल येणार आणि कुठला कमी पडणार ते दिसायची सोय करून घेतली, त्यामुळे आमचं मशीन रिकामं बसणं कमी झालं आणि त्यानंतर कुणाला एन्ट्रीसाठी ओरडावं लागलं नाही. तुमची पोरं काम दुप्पट झालं म्हणतात ना, त्यांना त्या सिस्टीममधून स्वतःसाठी काय मिळतं ते विचारून बघा.

स्टोअरवाला:

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आज दिवसभर हे डोक्यात ठेवून फिरलो. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे आमच्याकडे अजूनही अर्जंट माल फोनवरच मागवतात आणि माल आला की मागाहून पीओ बनवतात, म्हणजे दारावरच्या माणसाला जुळवायला काही नसतंच. दुसरं, अकाउंट्सवाले सिस्टीममध्ये तिन्ही कागद असूनही प्रिंट काढून पेन्सिलने टिक करतात. म्हणजे आम्ही जुनं काम तसंच ठेवून वरून एन्ट्री वाढवली. रात्रपाळी, पोरांना विचारलं, काहीच मिळत नाही म्हणाले.

पण मग सव्वा वर्ष वाया गेलं असंच मीटिंगमध्ये सांगू का?

पट्टा_आणि_मोटर:

वाया गेलं असं म्हणू नका, कारण हे उशिरा फळ येणं तुमच्याकडेच झालंय असं नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञाने, ज्यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं, लिहिलं होतं की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्यावर पॉल डेव्हिड या इतिहासकाराने १९९० मध्ये विजेचं उदाहरण दिलं आणि ते मला फार आवडतं. कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी काय केलं, वाफेचं मोठं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली आणि छताजवळचा लांब फिरता दांडा (शाफ्ट) आणि त्यावरून सगळी मशीनं चालवणारे पट्टे तसेच ठेवले. फायदा थोडाच. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, शाफ्ट गेले, मशीनं कामाच्या क्रमाने मांडता आली, तेव्हा कुठे उत्पादकता उडाली, आणि अमेरिकेत ते यायला १९२० चं दशक उजाडलं. वीजनिर्मिती केंद्रं १८८० च्या दशकापासूनच होती.

तुमचा फोनवरचा पीओ आणि पेन्सिलची टिक हे ते छतावरचे पट्टे आहेत.

मीटिंगमध्ये रिपोर्टची यादी अजिबात नेऊ नका. चार आकडे न्या, सव्वा वर्षापूर्वीचे आणि आजचे: स्टॉक किती दिवसांचा पडून आहे, महिन्यात किती अर्जंट खरेदी झाली, किती ऑर्डरी कबूल केलेल्या तारखेला गेल्या, आणि महिनाअखेरचे हिशेब बंद व्हायला किती दिवस लागतात. यातला पहिला साहेबांना लगेच कळेल, कारण ४५ दिवसांचा स्टॉक ३५ वर आला तर १० दिवसांच्या मालात अडकलेले पैसे मोकळे होतात आणि त्यावरचं व्याज वाचतं, हे गुणाकाराने दाखवता येतं. आकडे हलले नसतील तर तेही दाखवा आणि शेजारी लिहा की कुठलं काम कधी बंद करणार. जुने आकडे आहेत ना पण तुमच्याकडे?

स्टोअरवाला:

स्टॉकचे आणि अर्जंट खरेदीचे आहेत, माझ्या जुन्या एक्सेलमध्ये. डिलिव्हरीचे डिस्पॅचच्या रजिस्टरमधून काढावे लागतील, ते बसून काढतो. फोनवरच्या ऑर्डरींबद्दल उद्या सकाळी परचेसच्या मॅडमशी बोलतो, पीओ नंबर नसेल तर गेटवर गाडी आत घ्यायची नाही असं एका व्हेंडरपासून सुरू करून बघू. गोलाईव्ह, ते किलो आणि नगाचं कन्व्हर्जन सिस्टीममधल्या कुठल्या मास्टरमध्ये (मूळ माहितीच्या यादीत) असतं तेवढं सांगाल का?

गोलाईव्ह:

बहुतेक सिस्टीममध्ये आयटम मास्टरमध्येच, खरेदीचं एकक आणि स्टॉकचं एकक शेजारी शेजारी असतात आणि मधे फॅक्टर. आधी फक्त सगळ्यात महागडे वीस आयटम काट्यावर टाकून तपासा. आणि उघड्या (अजून पूर्ण न झालेल्या) ट्रान्झॅक्शन असताना फॅक्टर बदलू नका, आधी त्या आयटमचा स्टॉक मोजून घ्या, पेंडिंग स्लिप पंच करा, मगच बदला.