परवानगी आधी, प्रयोग नंतर

शाळकरी मुलांच्या विज्ञान मेळ्यांबद्दल 'पालकच प्रकल्प करून देतात, मुलं फक्त पाठ करून बोलतात, आणि परीक्षकांना ते कळतही नाही' असं म्हटलं जातं. त्यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरंच आहे. पण परीक्षकांना ते कळत नाही, हे काही पटलं नाही. मी परीक्षक म्हणून बसतो तेव्हा चकचकीत फलकाकडे नंतर बघतो, आधी नोंदवही मागतो. खाडाखोड, मधेच बदललेली पेनाची शाई, 'आज मोजायचं राहिलं' अशी एखादी ओळ दिसली की समजायचं, काम पोराचंच आहे. एका बैठकीत उतरवलेली सुबक वही लगेच ओळखू येते.

या बोलण्यात सहसा न निघणारा एक मुद्दा म्हणजे प्रयोगाआधी घ्यायच्या परवानग्या. आयसेफ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याशी संलग्न असलेल्या प्रादेशिक मेळ्यांना त्याचेच नियम लागू होतात. त्यात घरी जिवाणू वाढवायला सरळ मनाई आहे. दाराच्या मुठीवरून कापसाचा बोळा फिरवून बशीत जिवाणू वाढवायचा प्रयोग मुलांचा भलता लाडका, पण तो प्रयोगशाळेतच करावा लागतो, तोही आधी प्रकल्प तपासणाऱ्या समितीची मंजुरी घेऊन. पावावरच्या बुरशीला सूट आहे, मात्र बुरशी दिसू लागली की प्रयोग तिथेच थांबवायचा. वर्गमित्रांची झोप किंवा स्मरणशक्ती तपासायची तरी मंजुरी आधी हवी, मग काम सुरू. मागाहून आणलेली सही चालत नाही. मार्गदर्शक शिक्षकांनाच हे अनेकदा ठाऊक नसतं आणि चांगला प्रकल्प छाननीतच बाद होतो.