सेकंडहँड टुटिमा टेम्पोस्टॉप घेताना काय तपासावं?

नारायणपेठी
बाणेरला एका खासगी विक्रेत्याकडे टुटिमा टेम्पोस्टॉप हे जर्मन मनगटी घड्याळ बघायला मिळणार आहे. 2017 चं मॉडेल, गुलाबी सोनं, एकूण निघालेल्या 90 नगांपैकी एक. आत टी 659 मशीन, म्हणजे 1941 च्या उरोफा 59 या जर्मन मशीनचा नवा अवतार. 7750 या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉचवाल्या) मशीनच्या घड्याळांची सवय आहे, पण चावीचं फ्लायबॅक (चालता काटा न थांबवता एकाच बटणाने शून्यावर आणून पुन्हा सोडणारं) पहिल्यांदाच घेतोय. तासाभरात काय काय बघून होईल? पुण्यात सर्व्हिसिंगची सोय आहे का? की त्यापेक्षा युद्धकाळातलंच मूळ घड्याळ शोधावं?

बॅलन्सचाक
आधी चावी पूर्ण द्या. हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबायचं, पुढे जोर नाही. मग वरच्या बटणाने क्रोनोग्राफ सुरू करा आणि काटा निघताना भिंगातून बघा. किंचित उडी मारली तर चालेल, आडव्या क्लचमध्ये (क्रोनोग्राफ मशीनला जोडणारं चाक बाजूने सरकून भिडतं) दाते दात्यांत बसताना तेवढं होतंच. पण काटा थरथरत पुढे जात असेल तर क्रोनोग्राफ चाकावरची घर्षण-स्प्रिंग सैल आहे.

आता फ्लायबॅक. काटा 25-30 सेकंदांवर असताना खालचं बटण पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. काटा बरोबर 60 वर येऊन निश्चल राहिला पाहिजे. सोडल्याक्षणी पुन्हा पळाला पाहिजे. असं आठ-दहा वेळा, काटा दर वेळी वेगळ्या जागी असताना करा. दर वेळी अर्धा सेकंद बाजूलाच बसत असेल तर काटा दांड्यावर सरकलाय. फ्लायबॅकमध्ये चालता काटा एकदम खेचला जातो, त्यामुळे हे दुखणं ठरलेलं. काटा काढून परत बसवला की भागतं, वारंवार सरकत असेल तर त्याची नळी घट्ट करावी लागते. सेकंदाचा काटा शून्यावर आणि मिनिटाचा मात्र नाही, असं दिसलं तर दोष हातोडीच्या (काटे शून्यावर आणणाऱ्या पट्टीच्या) जुळणीत असू शकतो, आणि ते काम महागात जातं.

बटण भीत भीत अर्धवट दाबू नका. क्लच नीट सुटायच्या आत हातोडी पडली तर दाते झिजतात.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावायला मिळालं तर फारच उत्तम. हे मशीन तासाला 21,600 ठोक्यांचं आहे. लिफ्ट अँगल (यंत्राला द्यावा लागणारा, मशीनगणिक बदलणारा कोन) मात्र याच मशीनचा टाकायला सांगा, 7750 चा 49 तसाच राहिला तर आकडा खोटा येईल. पूर्ण चावीवर, तबकडी वर ठेवून, 280 अंशांच्या आसपास अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्सचाकाच्या झोक्याचा कोन) हवा. क्रोनोग्राफ चालू केल्यावर 20-30 अंश उतरणं ठीक. 50 उतरला तर तेल वाळलंय किंवा क्लच जास्त खोल बसलाय.

लोलक_सदाशिव
मूळ घड्याळाच्या वाटेला जायचं तर डोळे उघडे ठेवून. 1945 नंतर ग्लासह्युटे या जर्मन घड्याळ-गावाची (मूळ मशीन तिथलंच) यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने नेली आणि मॉस्कोच्या किरोव कारखान्यात याच रचनेची मशीन निघाली. त्यामुळे जर्मन केसमध्ये रशियन मशीन असा संकर बाजारात सर्रास सापडतो. झाकण उघडून पुलावरचे (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवरचे) शिक्के पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. केस मुलामा दिलेल्या पितळेची, कानांपाशी (पट्टा अडकवायच्या टोकांपाशी) आणि मनगटाच्या बाजूला मुलामा उडालेला असतोच. काटे-आकडे चकचकीत कोरे दिसले तर उलट शंका घ्या. जुन्या चमकत्या रंगात रेडियम आहे. तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबत नाही, म्हणून घरी झाकण उघडून खरवडायचे उद्योग नकोत.

रोज घालायचं असेल तर माझं मत टेम्पोस्टॉपला. ठेवणीतलंच हवं असेल तर मूळ.

कर्वेनगरी
सोन्याचं बोलायचं तर 750 चा (18 कॅरेटचा) शिक्का बघा. खात्री हवी असेल तर लक्ष्मी रोडला सराफाकडे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) मशीनवर केस न ओरखडता तपासून होते. कानांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या की पॉलिश झालंय असं समजा. सोनं मऊ असतं, एकदा गेलेली धार परत येत नाही. बाहेरून आणलेलं असेल तर ड्यूटी भरल्याची पावती मागा.

सर्व्हिसिंगचं स्पष्टच सांगतो: गॅस्केट, पट्टा, टाइमग्राफर, चुंबकत्व काढणं, एवढंच पुण्यात करून घ्या. पूर्ण उघडायचं काम कंपनीकडेच. जगात 90 नग आहेत, म्हणजे सुटे भाग तपकीर गल्लीत शोधायचे नाहीत.

नारायणपेठी
धन्यवाद मंडळी. पावसाळ्याचं काय? आणि क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर?

बॅलन्सचाक
पावसात घालू नका, ओल्या हाताने बटणं तर अजिबात दाबू नका, पाणी शिरायची ती मुख्य वाट. काचेआड वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात न पुरता त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. ओलावा राहिला तर आधी स्टीलच्या स्प्रिंगा गंजतात. गॅस्केट दर दोन वर्षांनी.

क्रोनोग्राफ सतत चालवायची गरज नाही, उगाच झीज. चावी पूर्ण दिली की 65 तास चालतं, पण शेवटच्या टप्प्यात जोर कमी होऊन वेळ ढळते, तेव्हा रोज सकाळी चावी द्या. अचानक दिवसाला मिनिटभर पुढे जायला लागलं तर आधी चुंबकत्व तपासा, टॅबलेटच्या कव्हरमधलं लोहचुंबकही पुरतं.

बाणेरला जाताना दहापट भिंग न्या आणि विक्रेत्याला आधीच फोन करून सांगा की घड्याळाला आदल्या दिवशी पूर्ण चावी देऊन क्रोनोग्राफ बंद ठेवा. 24 तासांनी, नव्याने चावी देण्याआधी, अ‍ॅम्प्लिट्यूड 220 च्या खाली आला असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वळता करा.